त्यांनी लिहून दिले होते

पेढी असो, गिरणी असो वा कारखाना, नोकरवर्गाची कुरबूर मालकाच्या कानाला सवयीची असते. पगार अपुरा, पाळी लांब, हत्यारे जुनी, वरिष्ठ ऐकून घेत नाहीत, या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा खऱ्याही असतात. व्यवहारचतुर मालक त्यांपैकी काही दूर करतो, काही पुढच्या वर्षावर ढकलतो आणि उरलेल्या ऐकून न ऐकल्यासारख्या करतो. जगातील एका अतिबलाढ्य तेल कंपनीनेही याहून फार निराळे काही केले नाही. मात्र तेथील कुरबूर हवेत विरून गेली नव्हती. ती कंपनीने स्वतः पैसे मोजून मागवली होती, कागदावर उतरवून घेतली होती आणि तो कागद हाती आल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, त्याच कारखान्यात, १५ माणसे प्राणास मुकली होती.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन महानगराच्या आग्नेयेस, गॅल्व्हेस्टनच्या उपसागराकाठी टेक्सास सिटी नावाचे गाव आहे. या गावाला स्फोट नवा नाही. १६ एप्रिल १९४७ रोजी तेथील धक्क्यावर उभ्या असलेल्या, अमोनियम नायट्रेटने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. गावाचे पोट मात्र त्याआधीपासून आणि त्यानंतरही तेलावरच भरत आले. १९३४ साली सुरू झालेला तेथील तेलशुद्धीकरण कारखाना २००५ साली सुमारे १२०० एकरांवर पसरलेला होता. दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या आसपास कच्चे तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता होती आणि अमेरिकेत त्याचा क्रमांक तिसरा लागत असे. सुमारे १८०० कायम नोकर, शिवाय मोठ्या दुरुस्तीच्या काळात शेकडो कंत्राटी कामगार. बापाने तेथे निवृत्तीपर्यंत नोकरी केली आणि मुलानेही तेथेच पाळी धरली, असे हे गाव.

१९९८ सालापर्यंत हा कारखाना अमोको या अमेरिकन कंपनीचा होता. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनच्या बीपी कंपनीने अमोको आपल्यात विलीन करून घेतली. त्या काळी बीपीचे सूत्रधार होते जॉन ब्राउन. एकामागून एक कंपन्या सामावून घेत त्यांनी बीपीला जगातील पहिल्या काही तेल कंपन्यांच्या पंक्तीत नेऊन बसवले. आपल्याकडील गॅरेजमध्ये ज्याचे डबे पिढ्यानपिढ्या दिसत आले, ते कॅस्ट्रॉलही २००० साली बीपीच्याच घरात गेले. त्याच वर्षी कंपनीने आपले बोधचिन्ह बदलून हिरव्या-पिवळ्या रंगाचे, सूर्यफुलासारखे नवे चिन्ह घेतले. लंडनच्या शेअर बाजारात ब्राउन यांचे नाव आदराने घेतले जाई, आणि त्या आदराचे एक कारण म्हणजे खर्चावरील त्यांची करडी नजर.

विलीनीकरणानंतर लगेच, १९९९ साली, वरून आदेश सुटला की सर्व शुद्धीकरण कारखान्यांनी आपला स्थिर खर्च २५ टक्क्यांनी कमी करावा. ज्यांना व्यापार कळतो त्यांना या वाक्यात वावगे काही दिसणार नाही. दोन घरे एक झाली की दोन-दोन चुली राहू नयेत, हे शहाणपणच आहे. पण कागदावरील चौथा हिस्सा प्रत्यक्ष कारखान्यात कोठून कापला जातो, हे पाहण्यासाठी खाली उतरावे लागते. प्रशिक्षण विभागात २८ माणसे होती, ती काही वर्षांत ८ झाली. एका नियंत्रण फलकावर दोन माणसे बसत, तेथे एक राहिला, आणि पुढे त्याच एकट्याच्या अंगावर तीन विभागांची देखरेख आली. यंत्राचे हुबेहूब अनुकरण करून नवख्याला शिकवणारी संगणकीय साधने महाग म्हणून घेतली गेली नाहीत. कारखान्याचे प्रमुखही वारंवार बदलत राहिले. प्रत्येक नवा प्रमुख नवी योजना घेऊन येई, जुनी अर्धवट राही, आणि पाळीवरचे लोक एकमेकांकडे पाहून मान हलवीत.

बक्षिसाच्या रकमेचा हिशेब तर अधिक बोलका आहे. कारखान्यातील कामगिरीवर आधारित वेतनात निम्मा भार खर्चकपातीच्या निकषावर होता. सुरक्षिततेचा वाटा दहावा. आणि त्या दहाव्या वाट्यातही मोजले जात होते ते काय? पाय घसरला, बोट चिरले, कंबर लचकली, अशा वैयक्तिक दुखापती. त्यांचा आकडा सुंदर होता, उद्योगाच्या सरासरीहून कितीतरी कमी. भट्ट्या, मनोरे, नळ आणि झडपा यांची अवस्था सांगणारा आकडा त्या तक्त्यात नव्हता. ज्या गोष्टीला तक्त्यात जागा नसते ती वरच्या मजल्यावर पोहोचत नाही, हा अनुभव आपल्यापैकी ज्यांनी मोठ्या कंपन्यांत नोकरी केली आहे त्यांना निराळा सांगायला नको.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कारखान्याची दुरवस्था बीपीने आल्याबरोबर निर्माण केली असे नाही. अमोकोच्या काळापासूनच ती यंत्रे थकलेली होती. जास्तीचा द्रव आणि वायू ज्या टाकीत सोडला जाई व तिच्यावरील उघड्या धुराड्यातून बाहेर पडे, ती रचना १९५० च्या दशकातील. असा ज्वालाग्राही माल उघड्यावर न सोडता फ्लेअरमध्ये नेऊन जाळून टाकावा, हे तंत्र तोवर सर्वमान्य झाले होते. तरीही १९९७ साली अमोकोने जुनी टाकी काढून पुन्हा तशीच नवी बसवली, आणि २००२ मध्ये बीपीपुढे फ्लेअर जोडण्याचा विषय आला तेव्हाही स्वस्तातला मार्ग पत्करला गेला. १९९४ ते २००४ या काळात त्या धुराड्यातून आठ वेळा धोकादायक गळती झाली. आठही वेळा काम पुढे चालू राहिले. घर विकत घेणाऱ्याने भिंतीला गेलेला तडा मागच्या मालकाचा म्हणून सोडून द्यावा, आणि वर डागडुजीचा खर्चही कमी करावा, तसा हा प्रकार.

२००४ हे वर्ष टेक्सास सिटीत वाईट गेले. तीन मोठे अपघात झाले आणि तीन कामगार मरण पावले. स्फोटापूर्वीच्या ३० वर्षांचा हिशेब मांडला तर तेथे २३ मृत्यू झाले होते. कारखान्याच्या तत्कालीन प्रमुखांना ही गोष्ट सलत असावी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी शंभरेक पर्यवेक्षकांना एकत्र बोलावले आणि हा कारखाना काम करण्यासाठी सुरक्षित जागा नाही, असे त्यांच्यापुढे उघडपणे मांडले. ज्याच्या हाती कारखाना सोपवलेला आहे त्यानेच हे बोलावे, याला धैर्य लागते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. टेलॉस नावाच्या बाहेरच्या सल्लागार संस्थेला बोलावून कामगारांच्या मनात काय आहे ते शोधून काढण्यास सांगितले.

हजाराहून अधिक जणांनी लेखी उत्तरे दिली, शंभराहून अधिक जणांच्या मुलाखती झाल्या. २१ जानेवारी २००५ रोजी अहवाल हाती आला. असे अहवाल सहसा गुळमुळीत असतात, हा तसा नव्हता. कामगारांच्या मते कंपनीच्या लेखी पहिला मान पैशाला, अंदाजपत्रकाला आणि उत्पादनाला होता, आणि माणसे यादीच्या तळाशी होती. कामाच्या दबावामुळे पायऱ्या गाळल्या जातात आणि कागदावर मात्र सर्व खुणा केल्या जातात, असे त्यांनी सांगितले. वरच्या थराला खालचे दिसत नाही, खालच्या थराला वरच्यांचा भरवसा वाटत नाही. चूक सांगितली तर शिक्षा होते, धोका सांगितला तर काहीच होत नाही. आणि या सगळ्याच्या वर एक वाक्य होते, ज्याचा आशय असा की मोठ्या दुर्घटनेची इतकी भीती मनात घेऊन काम करणारी माणसे सल्लागारांनी इतरत्र क्वचितच पाहिली होती. आज आपण मरू शकतो ही जाणीव तेथे रोजच्या डब्याइतकी नित्याची होती.

या अहवालाला नोकरांचा असंतोष म्हणावे काय? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्याला तेच नाव मिळेल. मनोधैर्य खचलेले, संस्कृती बिघडलेली, संवादाचा अभाव, असे शिक्के त्यावर बसतील आणि मग एखादी कार्यशाळा, एखादे स्नेहभोजन, एखादे नवे घोषवाक्य असा उपाय सुचवला जाईल. माझ्या मते येथेच घोटाळा होतो. टेक्सास सिटीचे कामगार आपण दुःखी आहोत असे सांगत नव्हते. कारखाना फुटणार आहे असे ते सांगत होते. त्यांची नाराजी ही यंत्राच्या प्रकृतीची नोंद होती, आणि कारखान्यातील कुठल्याही दर्शकापेक्षा ती अधिक अचूक निघाली.

फेब्रुवारीत कारखान्यातील एका सुरक्षा अधिकाऱ्याने वरिष्ठांना लिहिले की आपण याहून मोठ्या कशाच्या तरी उंबरठ्यावर आहोत असे आपल्याला मनापासून वाटते. मार्चच्या मध्यास तयार झालेल्या सुरक्षा विभागाच्या वार्षिक आराखड्यात येत्या १२ ते १८ महिन्यांत येथे कोणाचा तरी जीव जाण्याचा संभव प्रमुख जोखमींमध्ये नोंदवला गेला. इकडे अंदाजपत्रकात मात्र २००५ सालासाठी आणखी २५ टक्के कपातीचे आव्हान लंडनहून आलेले होते. दोन्ही कागद एकाच कारखान्यात, एकाच वेळी फिरत होते. यावर अधिक भाष्य करण्याची मला गरज वाटत नाही.

२३ मार्च २००५, बुधवार. पेट्रोलमध्ये मिसळण्याचे घटक तयार करणारा एक विभाग दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करायचा होता. त्यातील १७० फूट उंच मनोऱ्यात हलका तेलद्रव सोडला जातो, तळाला तापवला जातो, हलका अंश वरून बाष्परूपाने निघतो आणि जड अंश खालून बाहेर जातो. तत्त्व सोपे आहे: जेवढे आत येते तेवढे बाहेर गेले पाहिजे. सुरू करण्यापूर्वी उपकरणे तपासण्याचे काम तंत्रज्ञांनी हाती घेतले होते. वेळ नाही म्हणून ते मध्येच थांबवण्यात आले. तपासणी पूर्ण झाल्याची आद्याक्षरे मात्र कागदावर पडली.

मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास मनोरा भरण्यास प्रारंभ झाला. तळाची पातळी दाखवणारा दर्शक फक्त खालच्या नऊ फुटांपर्यंतचेच दाखवू शकत होता. त्यावर किती द्रव चढला आहे हे समजण्याचे साधन नव्हते. बाहेरून पाहण्याची काच मळून आंधळी झाली होती. धोक्याची एक सूचना वाजली, ती नेहमीचीच म्हणून कोणी मनावर घेतली नाही. दुसरी वाजायला हवी होती, ती वाजलीच नाही. मनोरा ठरल्यापेक्षा जास्त भरायचा, म्हणजे भट्टीला इजा होत नाही, असा तेथे वर्षानुवर्षांचा प्रघात पडला होता. नियमपुस्तिका एक सांगे, हात दुसरे करीत, आणि हे सर्वांना ठाऊक होते.

रात्रपाळीचा माणूस पाळी संपण्यापूर्वीच निघून गेला. त्याने नोंदवहीत मागे ठेवली जेमतेम एक ओळ, आणि तीतून किती द्रव कोठवर भरला हे कळत नव्हते. माझ्या आजोबांच्या अडत दुकानात एक वृद्ध दिवाणजी होते. दिवसाचा रोजमेळ पूर्ण झाल्याशिवाय ते दुकानाची पायरी उतरत नसत, आणि दुसऱ्या दिवशी आपण आलो नाही तरी वही वाचून कोणालाही व्यवहार पुढे चालवता आला पाहिजे, असे म्हणत. ते गप्प बसले की आजोबा अस्वस्थ होत. बोलत असत तोवर आजोबांना चिंता नसे.

सकाळी सहाच्या सुमारास जो माणूस फलकासमोर येऊन बसला तो सलग २९ व्या दिवशी, बारा-बारा तासांच्या पाळीवर, सुटी न घेता कामाला आला होता. दुरुस्तीच्या हंगामात असे काम करणे ही तेथील रीत होती आणि जादा कामाचा मोबदलाही मिळे. पण एका महिन्याच्या जागरणाने माणसाची नजर एकाच आकड्यावर खिळून राहते, हे वेगळे सांगायला नको. त्याच्या पडद्यावर पातळी आठ-साडेआठ फूट दिसत होती, आणि हळूहळू उतरत होती. प्रत्यक्षात आत येणारा प्रवाह चालू होता, बाहेर जाणारी झडप बंद होती, आणि मनोरा भरत होता. तीन तासांहून अधिक काळ हे चालले. पावणेअकराच्या सुमारास पर्यवेक्षक घरच्या तातडीच्या कारणासाठी निघून गेले. त्यांच्या जागी अनुभवी माणूस आला नाही. साडेसहा फुटांवर असायला हवा तो द्रव १५८ फुटांपर्यंत चढला.

त्या विभागाच्या शेजारी चाकांवरची, लाकडी सांगाड्याची ट्रेलर-कार्यालये उभी होती. दुसऱ्याच एका विभागाच्या दुरुस्तीसाठी आलेल्या कंत्राटदारांची ती बसण्याची जागा. सोयीचे म्हणून ती तेथे ठेवली होती. त्यांतील एक तर धुराड्यापासून केवळ १२१ फुटांवर. शेजारचा मनोरा आज सुरू होणार आहे, हे त्या लोकांना कोणी सांगितले नव्हते. दुपारी ते जेवून परतले होते. महिनाभरात काम बुडवणारी एकही दुखापत झाली नाही, म्हणून ठेवलेले ते भोजन होते.

१ वाजून १४ मिनिटांनी सुरक्षा झडपा उघडल्या. तापलेला द्रव जुन्या टाकीत कोसळला, टाकी भरली आणि धुराड्याच्या तोंडातून कारंज्यासारखा उसळून खाली पडू लागला. बाष्पाचा ढग जमिनीलगत पसरला. जवळच एक डिझेलची पिकअप गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. तिनेच ठिणगी पुरवली असावी, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. १ वाजून २० मिनिटांच्या सुमारास स्फोट झाला. पाऊण मैलापर्यंतच्या घरांची हानी झाली, ४३,००० लोकांना दारे-खिडक्या लावून घरात राहण्यास सांगण्यात आले. १८० जण जखमी झाले. मरण पावलेले १५ हीजण कंत्राटी कामगार होते, ट्रेलरांत किंवा त्यांच्या आसपास असलेले. ज्या मनोऱ्याने त्यांचा जीव घेतला त्याच्याशी त्यांच्या कामाचा काडीमात्र संबंध नव्हता.

आपल्या कारखान्यांच्या आवारात, गोदामांच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला लागून बाहेरगावची मजूर कुटुंबे राहतात. जागा मोकळी असते, अंतर कमी पडते, सर्वांचीच सोय होते. टेक्सास सिटीच्या अहवालातील तो १२१ फुटांचा आकडा वाचल्यापासून मी अशा प्रत्येक खोलीचे अंतर मनातल्या मनात मोजू लागलो आहे.

स्फोटानंतर दोन महिन्यांनी, मे २००५ मध्ये, कंपनीचा पहिला अंतर्गत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात बोट प्रामुख्याने पाळीवरील कामगार व पर्यवेक्षक यांच्याकडे होते. त्यांनी पद्धत पाळली नाही, पातळीकडे लक्ष दिले नाही, वेळीच इशारा दिला नाही. काही जणांवर कारवाईही झाली. यातील एकही विधान खोटे नव्हते. पण ज्या कारखान्यात पद्धत न पाळणे हीच पद्धत झाली होती, तेथे शेवटच्या माणसाला पकडून हिशेब मिटवणे म्हणजे वर्षभराचा तोटा शेवटच्या दिवशी गल्ल्यावर बसलेल्या गुमास्त्याच्या नावे लिहिण्यासारखे होते. कामगारांत संताप उसळला. डिसेंबरमध्ये आलेल्या अंतिम अहवालात कंपनीने अधिक खोल पाहिले. वर्षानुवर्षे तेथील कामाचे वातावरण झिजत गेले, बदलाला विरोध वाढला, विश्वास, उमेद आणि कामाचा हेतू हरवला, असे तिने स्वतःच कबूल केले. जानेवारीत कामगारांनी जे लिहून दिले होते तेच डिसेंबरमध्ये कंपनीच्या अक्षरात पुन्हा उमटले.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तपास चालू असतानाच, ऑगस्ट २००५ मध्ये, तातडीची शिफारस केली की कंपनीच्या अमेरिकेतील सर्वच शुद्धीकरण कारखान्यांच्या सुरक्षा-संस्कृतीची स्वतंत्र चौकशी व्हावी. त्यानुसार माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जानेवारी २००७ मध्ये तिने पाच कारखान्यांचा अहवाल सादर केला. टेक्सास सिटीसह तीन ठिकाणी व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात मोकळेपणाने बोलण्याजोगा विश्वास नव्हता, असे समितीला आढळले. वैयक्तिक दुखापतींचा आकडा कमी म्हणजे कारखाना सुरक्षित, या समजुतीने सर्वांचीच फसगत केली होती.

याच अहवालात एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे वर्तमानपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही. वॉशिंग्टन राज्यातील चेरी पॉइंट येथील कारखानाही बीपीचाच. मालक तोच, लंडनचे कार्यालय तेच, बोधचिन्हही तेच. पण तेथे समितीला खुला, विश्वासाचा, परस्परांशी बोलणारा कारखाना दिसला. एकाच घराच्या दोन दुकानांत असा फरक आपण सर्वांनी पाहिलेला असतो. एका गादीवर नोकर वाईट बातमी सर्वांआधी घेऊन येतो, दुसऱ्या गादीवर ती गल्लीतल्या माणसाकडून कळते. माल तोच, भांडवल तेच. सगळा दोष कंपनीच्या आकाराला किंवा तेलाच्या धंद्याला देणाऱ्यांना चेरी पॉइंट थोडे अडचणीत टाकते. आणि सगळा दोष एकट्या ब्राउन यांच्या काटकसरीला देणाऱ्यांनाही.

मार्च २००७ मध्ये सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल आला. त्याचा सूर बेकर समितीपेक्षा कठोर होता. खर्चकपात, उत्पादनाचा दबाव आणि गुंतवणुकीतील कुचराई यांची साखळी त्याने थेट वरच्या पातळीपर्यंत नेऊन भिडवली. त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्राउन पायउतार झाले, पण त्याचे तात्कालिक कारण निराळे, त्यांच्या खासगी आयुष्याशी निगडित होते. कंपनीने पर्यावरण कायद्याखालील गुन्हा कबूल करून ५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. कामगार खात्याच्या सुरक्षा यंत्रणेने २००५ साली २ कोटी डॉलरहून अधिक दंड केलेला होताच. ठरलेल्या सुधारणा पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून २००९ मध्ये तिने आणखी ८ कोटी ७४ लाख डॉलरचा दंड ठोठावला. मृतांच्या कुटुंबांसाठी व जखमींसाठी बाजूला काढलेली रक्कम दीड अब्ज डॉलरच्या वर गेली. ज्या फ्लेअरच्या जोडणीवर खर्च वाचवला होता तिचा आकडा या रकमांपुढे मांडण्यात अर्थ नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपीसाठी विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या खोदकामगृहावर स्फोट होऊन ११ जण दगावले, तेव्हा टेक्सास सिटीची फाईल पुन्हा एकदा उघडली गेली. तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, बीपीने टेक्सास सिटीचा कारखाना मॅरेथॉन पेट्रोलियमला विकून टाकला.

काही बदल मात्र टिकले. मनुष्यवस्तीचे ट्रेलर धोक्याच्या यंत्रापासून किती दूर असावेत, यासाठी अमेरिकेतील तेल उद्योगाने २००७ साली मार्गदर्शक नियम केले. सलग किती दिवस, किती तास काम करू द्यावे आणि थकव्याला धोका म्हणून कसे मोजावे, यासाठीचे नियम २०१० मध्ये आले.

त्या १५ जणांत एक पतिपत्नी होते, दोघेही कंत्राटदाराकडे कामाला. विशीतली त्यांची मुलगी एकाच दुपारी पोरकी झाली. इतर बहुतेक दावे तडजोडीने मिटत गेले. तिने मात्र दीर्घकाळ तडजोड नाकारली. नोव्हेंबर २००६ मध्ये, खटल्यासाठी ज्युरी निवडण्याची वेळ आली त्याच दिवशी, ती तयार झाली, पण आपल्या अटींवर. कंपनीने तीन कोटींहून अधिक डॉलर तिच्या पसंतीच्या संस्थांना द्यावेत, ही एक अट. त्यांत भाजलेल्यांवर उपचार करणारा गॅल्व्हेस्टनच्या रुग्णालयाचा विभाग होता, कारखान्यांतील प्रक्रियांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे टेक्सासचे केंद्र होते, आणि तिची आई जेथे काम करीत असे ती लुईझियानातील छोटी शाळाही होती. दुसरी अट पैशाची नव्हती. खटल्यासाठी कंपनीने दिलेली अंतर्गत कागदपत्रे लोकांसमोर खुली करावीत, असा तिचा आग्रह होता. कंपनीने तो मान्य केला. कपातीचे आदेश, धोक्याची पत्रे, सादरीकरणे, आराखडे, असे हजारो कागद त्यानंतर गावात कोणालाही वाचता येऊ लागले.